स्कीइंगसाठी रिसॉर्ट कसं निवडावं? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून स्कीइंगला जायचं म्हणजे समुद्रसपाटीवरून एकदम दोन-अडीच हजार मीटरवर. रजा मोजकी, खर्च मोठा, आणि बरोबरच्या मंडळींत कुणी पहिल्यांदाच स्की लावणारं, तर कुणी दोन-तीनदा जाऊन आलेलं. "सगळ्यात चांगलं रिसॉर्ट कोणतं?" हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त येतो. त्यावर आम्ही आधी एवढंच विचारतो: तुमच्यातलं सगळ्यात कच्चं कोण? जागा त्याच्या हिशेबाने निवडा. पुढची बहुतेक उत्तरं याच धाग्याने जातात.

हिरवा, निळा, लाल, काळा हे उतारांचे रंग नेमकं काय सांगतात?

युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्स, स्पेन आणि अँडोरात निळ्याच्याही आधी हिरवा असतो. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटलीत मोजणी साधारणपणे निळ्यापासूनच सुरू होते. त्यामुळे फ्रान्समध्ये आठवडाभर हिरव्यावर मजेत फिरलेला माणूस पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात गेला, की "सगळ्यात सोपा" म्हणून निळ्यावर उभा राहतो आणि पाय लटपटतात. अमेरिका-कॅनडात हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि सर्वांत अवघडासाठी दोन काळे हिरे. जपानमध्ये निळा नसतोच म्हटलं तरी चालेल: हिरवा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण.

आता आकडे. ऑस्ट्रिया-जर्मनीकडच्या मानकांप्रमाणे निळा उतार साधारण २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचा काळा. २५ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २५ मीटर खाली, जवळपास आठ मजले. अंशांत सांगायचं तर १४. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या टॉवरमधला पोडियम पार्किंगचा रॅम्प डोळ्यांसमोर आणा. तो साधारण १० टक्क्यांचा असतो, आणि नवशिक्यांचा नर्सरी स्लोप त्याच्याच आसपासचा. निळ्याची कमाल मर्यादा त्या रॅम्पच्या अडीचपट. एकदा त्या रॅम्पच्या वरच्या टोकाला उभे राहा, म्हणजे पहिले दोन दिवस निळ्यावर का जायचं नाही ते कळेल.

रंग हा त्या त्या डोंगरापुरता असतो हेही लक्षात ठेवा. ऑस्ट्रियातल्या सांक्ट अँटोनचे निळे उतार इतर ठिकाणच्या लालच्या जवळ जातात, असा तिथे जाणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. शिवाय रंग बर्फाची अवस्था सांगत नाही. रात्री गोठून सकाळी नऊला काचेसारखा झालेला निळा हा दुपारच्या मऊ लालपेक्षा अवघड असतो. रात्रीतून थंडी कडक पडली असेल तर नवशिक्यांनी दहा-साडेदहाला बाहेर पडावं.

माझी पातळी कोणती, हे कसं ठरवू?

किती वेळा गेलात यावरून ठरवू नका. थांबता कसं येतं, यावरून ठरवा.

स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून, म्हणजे स्नोप्लाऊ करून, ठरवलेल्या जागी थांबता येत नसेल तर तुम्ही नवशिके. स्नोप्लाऊमध्येच डावी-उजवी वळणं घेत नर्सरी स्लोप न पडता उतरता आला, तर हिरवा किंवा सोपा निळा. दोन्ही स्की समांतर ठेवून निळ्यावर कुठेही वेग आवरता येतो, तर मध्यम; लाल उतार सुरू करायला हरकत नाही. लाल उतारावर बर्फ कडक असो, ओबडधोबड असो, वळणाचा आकार तुम्ही ठरवता आणि डोंगर ठरवत नाही, अशी स्थिती आली की पुढच्या पातळीचा विचार करा.

मनालीजवळच्या सोलंगला स्की लावून तासभर फोटो काढले असतील, तर तुम्ही नवशिकेच आहात. प्रशिक्षकाला तसंच सांगा. पातळी फुगवून सांगितली तर वरच्या गटात घालतात आणि पहिला अख्खा दिवस फुकट जातो.

रिसॉर्टचा नकाशा बघून नवशिक्यांसाठी ते बरं की वाईट, हे कळतं का?

कळतं, आणि हे काम बुकिंगच्या आधीच करायचं. पिस्ट म्हणजे स्कीसाठी आखलेला, सपाट केलेला उतार. जाहिरातीतला "६०० किलोमीटर पिस्ट" हा आकडा बाजूला ठेवा; पहिल्या आठवड्यात तुम्ही त्यातले जेमतेम पाच-सात किलोमीटर वापरणार.

रिसॉर्टच्या संकेतस्थळावरचा पिस्ट मॅप उघडा आणि गावाजवळची सर्वांत सोपी जागा शोधा. तिथे वर जायला काय आहे? मॅजिक कार्पेट म्हणजे मॉलमधल्या सरकत्या पट्ट्यासारखा पट्टा. त्यावर नुसतं उभं राहायचं. हा असेल तर उत्तम. फक्त ड्रॅग लिफ्ट असेल, म्हणजे दोन पायांमध्ये दांडा अडकवून ओढत नेणारी, तर पहिले दोन दिवस निम्मी शक्ती लिफ्टवरून पडण्यातच जाईल.

आता एका निळ्या रेषेवर बोट ठेवा आणि खाली सरकवा. ती जिथे संपते तिथून परत वर नेणारी लिफ्ट आहे का? की मध्येच ती लाल रेषेला मिळते आणि पुढे दुसरा मार्गच नाही? वर आणि खाली निळा, मध्ये २०० मीटरचा लाल तुकडा, अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते. नवशिके अडकतात ते तिथेच, स्की काढून हातात धरून कडेकडेने उतरत.

शेवटी गावात परत येण्याची वाट बघा. ती निळी आहे का? नसेल तर गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने, खाली उतरता येतं का, आणि शेवटचा गोंडोला किती वाजता? दुपारी साडेतीन-चारला पाय थकलेले, उतार दिवसभरात उकरलेला, सगळा डोंगर एकाच वाटेने घरी निघालेला. नवशिक्याला तेव्हा लाल वाटेवर सोडणं धोक्याचं आहे.

पिस्ट मॅप चित्रासारखा काढलेला असतो, त्यातून खरा उतार कळत नाही. त्यासाठी ओपनस्कीमॅप या संकेतस्थळावर तीच रेषा शोधा आणि उंचीतला फरक लांबीने भागा. ३०० मीटर उंची दीड किलोमीटरमध्ये उतरत असेल तर सरासरी २० टक्के. मात्र सरासरीच्या पोटात एखादा ३५ टक्क्यांचा टप्पा लपलेला असू शकतो, म्हणून उंचीच्या आलेखात मध्येच कुठे रेषा कोसळते का तेही बघा.

पहिल्यांदाच जातोय. गुलमर्ग चालेल का?

चालेल, पण गुलमर्गचा कोणता भाग, ते नीट समजून घ्या. नावाने एकच असलं तरी ते दोन वेगळे डोंगर आहेत.

गाव सुमारे २,६५० मीटरवर. तिथले कुरणातले सौम्य उतार आणि छोट्या लिफ्ट नवशिक्यांसाठी खरोखर चांगल्या आहेत. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, ३,००० मीटरच्या थोडं वर नेतो. तिथून खाली येणं हे स्नोप्लाऊ पक्का झालेल्यांचं काम. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. जगभरातले पट्टीचे स्कीअर गुलमर्गला येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. पण तिथे युरोपसारखे यंत्राने सपाट केलेले, रंग लावलेले उतार नाहीत. तो मोकळा हिमालय आहे. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात परदेशी स्कीअर दगावले. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब सळई) आणि फावडं हे तिन्ही जवळ असणं, वापरता येणं आणि बरोबर जाणकार गाइड असणं, यातलं एक जरी नसेल तरी दुसऱ्या टप्प्यावरून स्की लावून उतरू नका. गोंडोलाने वर जाऊन, बघून, गोंडोलानेच परत या.

काही व्यावहारिक गोष्टी. श्रीनगर विमानतळावरून टंगमर्गपर्यंत साधी गाडी येते. पुढचे १३ किलोमीटर बर्फ जास्त असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाडीनेच जावं लागतं, म्हणून ते भाडं वेगळं धरा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड असेल तरच फोन लागेल. घरात कुणा एकाचं तरी पोस्टपेड हवं. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा वारंवार बंद राहतो, तेव्हा तीन दिवसांच्या सहलीत त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. आणि पहिला दिवस हलका ठेवा. सकाळी ठाण्यात आणि संध्याकाळी २,६५० मीटरवर असलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होऊ शकतं. भरपूर पाणी प्या, दारू टाळा. त्रास वाढत गेला तर खाली श्रीनगरला उतरणं हाच उपाय.

शिकायचंच असेल तर पॅकेजमधल्या "एक तास स्कीइंग"पेक्षा संस्थेचा अभ्यासक्रम कितीतरी सरस. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था. जागा लवकर भरतात, म्हणून पावसाळा संपतानाच तारखांची चौकशी सुरू करा.

औली आणि सोलंग?

उत्तराखंडातल्या औलीचा उतार सुंदर. समोर नंदादेवी, उंची साधारण २,५०० ते ३,०५० मीटर, आणि नवशिके व मध्यम दोघांनाही जमेल असा. गढवाल मंडल विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे अभ्यासक्रम घेत आलं आहे. अडचणी दोन. अलीकडच्या काही हिवाळ्यांत बर्फाचा भरवसा राहिलेला नाही, आणि जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. निघण्यापूर्वी दोन्हींची ताजी स्थिती विचारा. डेहराडूनहून जोशीमठचा रस्ता पूर्ण दिवस खातो.

सोलंग हे बर्फाशी ओळख करून घेण्याचं ठिकाण. पर्यटकांच्या गर्दीत चार मीटर रुंद मोकळी जागा मिळणं मुश्कील. अभ्यासक्रमाला आला असाल तर गोष्ट वेगळी.

आल्प्समध्ये कुणी कुठे जावं?

पहिला आठवडा असेल तर फ्रान्समधलं आल्प द्युएझ किंवा ला प्लान्य. आल्प द्युएझला गावाला लागूनच रुंद, लांबलचक हिरवे उतार आहेत, आणि त्याच डोंगरावर सारेन ही १६ किलोमीटरची काळी वाट. म्हणजे कच्चे आणि पक्के एकाच गावात मुक्काम करू शकतात. ऑस्ट्रियात ओबरगुर्गल चांगलं: गाव १,९३० मीटरवर, त्यामुळे बर्फाची खात्री बरी, आणि गर्दी आवाक्यात.

मध्यम पातळीवाल्यांना फ्रान्सच्या थ्री व्हॅलीजसारखी चैन नाही. सुमारे ६०० किलोमीटर जोडलेले उतार, आणि त्यातलं व्हाल तोरांस २,३०० मीटरवर, युरोपातलं सर्वांत उंच स्की-गाव. तिथे झाडं नाहीत हा त्याचा दोष. ढग उतरले की पांढऱ्यात पांढरं मिसळतं आणि समोरचा खड्डासुद्धा दिसत नाही. अशा दिवशी झाडांमधल्या, खालच्या उतारांवर जावं. खोडांमुळे नजरेला आधार मिळतो. गॉगलची फिकट काच म्हणजे एस१ अशाच दिवसासाठी, गडद एस३ उन्हासाठी.

शामोनी आणि झर्माट ही नावं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आणि दृश्यं अप्रतिम. पण शामोनीत स्की-क्षेत्रं एकमेकांपासून सुटी, बसने जोडलेली. तिथली प्रसिद्ध व्हॅले ब्लांश ही हिमनदीवरची सुमारे २० किलोमीटरची वाट गाइडशिवाय करायची नाही. झर्माटला सुनेगाजवळ नवशिक्यांची छोटी जागा आहे, मात्र त्या गावाचे चढे दर ज्या लाल-काळ्या उतारांसाठी मोजायचे, ते तुम्ही वापरणारच नाही. तिथलं मॅटरहॉर्न शिखर बघायला जरूर जा. स्की शिकायला दुसरीकडे जा.

घरात चौघांच्या चार पातळ्या आहेत. काय करावं?

सकाळी वेगवेगळे, दुपारी एकत्र. यासाठी अशी जागा हवी जिथे एकाच चेअरलिफ्टच्या माथ्यावरून निळी आणि लाल अशा दोन्ही वाटा निघतात आणि पायथ्याला पुन्हा एकत्र येतात. नकाशावर अशा दोन-तीन लिफ्ट सापडल्या तर रिसॉर्ट तुमचं. शिवाय स्की न करणाऱ्या आजी-आजोबांसाठी चालत किंवा गोंडोलाने पोचता येईल असं मधल्या स्थानकावरचं उपाहारगृह बघा, म्हणजे जेवायला सगळे भेटतात.

एक गोष्ट मात्र करू नका. नवऱ्याने बायकोला किंवा मोठ्या भावाने धाकट्याला शिकवायला घेऊ नये. पहिले तीन दिवस प्रशिक्षकाकडे द्या.

शाळेच्या सुट्टीत जमेल का?

नाताळात गुलमर्गचा बर्फ बेभरवशाचा असतो. चिल्लई कलान, म्हणजे थंडीचे कडक चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्ग जवळपास कोरडं होतं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. आल्प्समध्ये नाताळ-नववर्षाला दर चढे; जायचंच तर उंचावरचं गाव घ्या. साधारण ७ जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे स्वस्त आणि मोकळे, फक्त थंडी बोचरी. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना सुट्टी पडते, तेव्हा लिफ्टला रांगा. नवशिक्यांना मार्च सर्वांत मानवतो: दिवस मोठा, ऊन उबदार, बर्फ मऊ.

दिवाळीत आल्प्सची बहुतेक रिसॉर्ट बंद असतात. हिंटरटुक्स, झर्माटसारख्या हिमनद्यांवर तेवढं स्की चालतं आणि ते नवशिक्यांचं काम नाही. मे महिन्यात तीच गत. उन्हाळ्याची सुट्टी जूनअखेरपर्यंत लांबवता आली तर न्यूझीलंडमधलं कार्ड्रोना नवशिक्यांसाठी उत्तम, तिथला हंगाम तेव्हा सुरू होतो.

शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) फंदात न पडता कुठे जाता येईल?

कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अल्माटी शहरातून शिंबुलाक तासाभराच्या आत, पायथा साधारण २,२६० मीटरवर. नवशिक्यांची जागा आहे, पण मोठे उतार मध्यम आणि त्यावरच्यांचे. जॉर्जियातलं गुदाउरी तिबिलिसीपासून सुमारे १२० किलोमीटर, रुंद, झाडं नसलेलं, लिफ्टने ३,२७९ मीटरपर्यंत. मध्यम पातळीला पैसा वसूल. अँडोरा शेंगेनमध्ये नाही, पण तिथे फ्रान्स किंवा स्पेनमधूनच शिरावं लागतं, म्हणून मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा हवाच.

चाखून बघायचं असेल तर दुबईतलं बंदिस्त स्की दुबई. २००५ पासून सुरू आहे, सर्वांत लांब उतार ४०० मीटर, कपडे तिथेच मिळतात. आल्प्सच्या आधी दोन धडे तिथे घेतले तर आल्प्समधला पहिला दिवस वाचतो.

भाड्याचे बूट कसे निवडायचे?

पहिल्यांदा जाणाऱ्यांचा आठवडा बुटांमुळेच सर्वांत जास्त बिघडतो.

स्की-बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. घरीच भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, अंगठ्यापाशी खूण करा आणि मोजा. दोन्ही पाय मोजा. दुकानात आतलं मऊ अस्तर बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन बोटं जागा उरली पाहिजे. मग अस्तर घालून बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकतात, गुडघे वाकवून पुढे झुकलं की ती मागे सरकतात आणि टाच जागेवरून उठत नाही, हे बरोबर. आपल्याकडच्या सवयीने "जरा सैल द्या" म्हटलं की पाय आत घसरतो, नडगी सोलून निघते.

पायमोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन जाड मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची कड बुटाच्या आत जाऊ देऊ नका. तिथेच वळ उठतो.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावताना वजन, उंची, वय आणि पातळी विचारतात. खरं सांगा. पातळी वाढवून सांगितली तर बाइंडिंग घट्ट लावतात, पडताना स्की सुटत नाही, आणि पिळवटतो तो गुडघा.

इथे राहून तयारी काय करावी?

निघण्याआधी सहा ते आठ आठवडे. स्कीइंगमध्ये मांड्या उतरताना राबतात, म्हणून चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष द्या: उपवनहून येऊर, बेलापूरकडून पारसिक हिल किंवा खारघर हिलचा रस्ता, आठवड्यातून दोनदा, उतरताना गुडघे किंचित वाकवून सावकाश. सोसायटीत दहा मजले जिन्याने खाली. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, ४५ सेकंदांच्या तीन फेऱ्या. मुलं स्केटिंगला जात असतील तर ती तुमच्या आधी शिकतील. तोल आणि कडेवर वजन टाकणं त्यांना आधीच येतं.

विमा आणि हेल्मेट?

साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. "विंटर स्पोर्ट्स"चं कव्हर वेगळं घ्या आणि त्यात डोंगरावरून सुटका, हेलिकॉप्टर आणि आखलेल्या वाटेबाहेरचं स्कीइंग आहे का, हे लेखी विचारा. इटलीत तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा २०२२ पासून सक्तीचा, आणि हेल्मेट १ नोव्हेंबर २०२५ पासून सर्व वयांना. नियम नसेल तिथेही हेल्मेट घालाच. आणि खालच्या माणसाला जागा देण्याची जबाबदारी नेहमी वरून येणाऱ्याची.

शाकाहारी आहोत. खाण्याचं काय?

फ्रान्समध्ये स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. कुकर, तांदूळ, मेतकूट सोबत असलं की निम्मी चिंता मिटते. डोंगरावर रोश्टी (किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ) आणि चीज घातलेलं श्पेट्सले (पास्त्यासारखे पिठाचे तुकडे) चालतं, पण "बेकनशिवाय" असं सांगून घ्या. सूपचा आधार बऱ्याचदा मांसाचा असतो, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. चीज फाँड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, वाइन असते.